बेटावर निघण्याआधी वाच

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. काल फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "आई, आता शार्कबिर्क सुरू करू नकोस." नाही करत. शार्कच्या हल्ल्यात सगळ्या जगात मिळून वर्षाला साधारण दहाच्या आतच माणसं जातात. त्याच्या कितीतरी पट माणसं छातीभर पाण्यात मजा करता करता आत ओढली जातात, भाड्याच्या स्कूटरवरून पडतात, नाहीतर ताप अंगावर काढतात. हे पत्र त्या कंटाळवाण्या गोष्टींबद्दल आहे आणि लांबलचक आहे. विमानात वाचेन म्हणू नकोस, यातलं बरंचसं निघायच्या आधीच करायचं आहे.

तुमचं अजून बेटच ठरलेलं नाही. एकीला मालदीव हवं, एकीला फिजी, तिसरी कॅरिबियनवर अडून बसलीय. कुठलंही ठरवा, एक गोष्ट सगळीकडे सारखीच. छोट्या बेटावर फार तर एक दवाखाना असतो. रक्त, ऑपरेशन, हाडांचा डॉक्टर, रेबीजची सगळी औषधं, पासपोर्ट हरवला तर जायचं ते ऑफिस, सगळं पलीकडच्या मोठ्या बेटावर किंवा राजधानीत. मधे पाणी. दर्या खवळला की बोट बंद, वारा वाढला की छोटं विमानही बंद. तेव्हा तिथली प्रत्येक गोष्ट ठरवताना स्वतःला एवढंच विचार: हे आत्ता बिघडलं आणि दोन दिवस कोणी येऊ शकलं नाही, तर माझ्याकडे काय आहे?

पहिलं म्हणजे महिना. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून नाचू नका, स्वस्त का आहे ते बघा. कॅरिबियनमध्ये वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. फिजी, वानुआतू, मॉरिशस या दक्षिण गोलार्धातल्या बेटांना नोव्हेंबर ते एप्रिल. फिलिपिन्सला तर वर्षभरात कधीही. विषुववृत्ताला अगदी चिकटून असलेल्या बेटांवर चक्रीवादळं जवळजवळ येतच नाहीत, कारण वाऱ्याला गोल फिरवायला पृथ्वीच्या फिरण्याचा जो जोर लागतो तो तिथे पुरत नाही. म्हणून मालदीवच्या दक्षिण भागाला त्यांची फारशी धास्ती नसते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे महिने मात्र तिथेही खवळलेले असतात आणि स्पीडबोटीत पोटातलं सगळं बाहेर येतं. 2017 च्या सप्टेंबरात मारिया हे वादळ पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होऊन डॉमिनिका बेटावर आदळलं. बहुतेक घरांची छपरं गेली, वीज आणि फोन गेले, आणि सुट्टीवर आलेली माणसंही बाकीच्यांसारखीच बाहेरच्या मदतीची वाट बघत बसली. हंगामात जायचंच असेल तर तिकिटं बदलता येणारी काढा आणि हॉटेलला विचारा, वादळात पाहुण्यांना कुठे नेता? नीट उत्तर देता आलं नाही तर दुसरं हॉटेल. आणि वादळ ऐन डोक्यावर असताना अचानक वारा पडला, आकाश मोकळं झालं, तर बाहेर फोटो काढायला जायचं नाही. तो मधला डोळा असतो. थोड्या वेळात उलट दिशेनं तेवढाच वारा येतो.

परतीचं विमान ज्या दिवशी असेल त्याच्या आदल्या दिवशीच मोठ्या बेटावर येऊन झोपायचं. सकाळची शेवटची बोट आणि दुपारचं विमान, असली गणितं कागदावरच सुटतात. बोटीत चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहे ते आधी बघ, आणि छोटी बोट असेल तर अंगात घालूनच बस. माणसं दाटीवाटीनं भरत असतील किंवा हवा फिरलेली असतानाही नावाडी "काही होत नाही" म्हणत असेल, तर उतरायचं. 2018 च्या जुलैत फुकेतजवळ खराब हवेत पर्यटकांची बोट उलटली आणि 47 जण गेले. तिथल्या पावसाळी वाऱ्यांचा तो ऐन काळ होता. बोटीचे पैसे बुडाले तर बुडू देत, मी देते.

आता विमा. तू म्हणशील तिकिटासोबत आपोआप मिळाला. तो उघडून वाच. आजारी माणसाला बेटावरून मोठ्या हॉस्पिटलात हलवायचा खर्च त्यात धरलाय का, एवढंच मला कळव. उपचारांपेक्षा तो खर्च जास्त येऊ शकतो, कारण त्यात कधी कधी पूर्ण विमानच ठरवावं लागतं. त्याच पानांवर खाली बारीक अक्षरात काय काय वगळलंय तेही बघ. डायव्हिंग बहुतेकदा वेगळं घ्यावं लागतं. दारू पिऊन झालेला अपघात बहुधा वगळलेला असतो. आणि ज्या गाडीचं लायसन्स तुझ्याकडे नाही ती चालवताना पडलीस तर विमा कंपनी हात वर करते. म्हणजे स्कूटर. बेटांवरचे रस्ते अरुंद, कडेला वाळू साचलेली, वळणावर दिवा नाही, आणि भाड्यानं देणारा "लायसन्स कोण बघतंय" म्हणत किल्ली हातात ठेवतो. पोलीस नसेल बघत, विमावाला बघतो. तुझ्याकडे दुचाकीचं लायसन्स आणि त्यावरून काढलेला इंटरनॅशनल परमिट असेल, डोक्यात पट्टा लावलेलं हेल्मेट आणि पायात बूट असतील, तर चालव. यातलं एक जरी नसलं तर सायकल घे. चपला आणि पोहायच्या कपड्यांत स्कूटरवर बसलेल्या मुली मला फोटोत सुद्धा बघवत नाहीत.

औषधांचं मात्र माझं ऐकायचंच. इतकी वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी राहिले आहे, आणि परदेशी निघालेली माणसं काय मागतात आणि काय विसरतात ते मला पाठ आहे. मागतात अँटिबायोटिक. विसरतात ओआरएस. उष्ण, दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि पाणी तर जातच राहतं. त्यात जुलाब लागले की अर्ध्या दिवसात माणूस गळून जातो. ओआरएसची पाकिटं भरपूर घे. ती पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळायची, चवीसाठी घट्ट करायची नाहीत. पहिले दोन-तीन दिवस दुपारी भटकायचं नाही, शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तुमची सुट्टी त्याआधीच संपणार.

औषधं मूळ पट्टीतच ने. डबीत सुट्ट्या गोळ्या टाकायच्या नाहीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेव. काही देशांत आपल्याकडे सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या आणि दुखण्याच्या औषधांवर निर्बंध असतात, विशेषतः कोडीन असलेल्या. तुझा इनहेलर आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाहीत, आणि परतीला आठवडाभर उशीर झाला तरी पुरतील एवढ्या.

तापाबद्दल नीट वाच. उष्ण प्रदेशातल्या बेटांवर डेंग्यू आणि चिकुनगुनिया नेहमीचे. 2005-06 मध्ये रियुनियन बेटावर चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा बेटावरच्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना तो झाला. हे पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळच्या आधी जास्त. पायांवर पांढरे पट्टे असतात. त्याला घाणेरडं डबकं लागत नाही, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी पुरतं. तेव्हा खोलीच्या ओसरीवर असल्या ताटल्या, करवंट्या, बादल्या दिसल्या तर पालथ्या कर, हॉटेलवाल्याला काय वाटायचं ते वाटू दे. अंगाला लावायचं डासांचं औषध 20 ते 30 टक्के डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं घे. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर वरून हे. उलट लावलं तर खालचं झाकलं जातं.

ताप आला, अंग ठणकलं, डोळ्यांच्या मागे दुखलं, तर फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन नाही, ॲस्पिरिन नाही, यातलं एकही असलेल्या जोडगोळ्या नाहीत. डेंग्यू असला तर या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉलही 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांच्या वर 24 तासांत नाही, आणि दोन गोळ्यांच्या मधे निदान चार तास. आणखी एक, जे लोकांना कळता कळत नाही: डेंग्यूत धोका ताप उतरायला लागतो तेव्हा सुरू होतो. सगळे म्हणतात, बघ, उतरला, बरी झालीस. नेमके त्याच दिवशी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, फार गळल्यासारखं वाटलं, तर मग बीच वगैरे काही नाही, पहिल्या बोटीनं हॉस्पिटल. त्या दोन दिवसांत वेळेवर सलाइन मिळालं तर माणूस तरतो.

मलेरिया बेटागणिक वेगळा. मालदीवला 2015 मध्ये आणि श्रीलंकेला 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मलेरियामुक्त जाहीर केलं. सोलोमन बेटं आणि वानुआतूमध्ये तो आहे. तिकडे गेलात तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परतल्यावरही ठरल्याप्रमाणे घ्याव्या लागतात, म्हणून डॉक्टरकडे निदान महिनाभर आधी जा. त्यातली डॉक्सिसायक्लिन घेणार असशील तर उन्हात कातडी लवकर भाजते, हे डॉक्टर सांगायला विसरले तरी तू विसरू नकोस. आणि घरी आल्यानंतर काही आठवड्यांत, अगदी महिन्यांनीसुद्धा ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी अमुक बेटावर जाऊन आले.

तुला पोहता येतं, मला माहीत आहे. तलावात. समुद्रात पोहणाऱ्यालाही ओढून नेतं ते रिप करंट. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत राहतात आणि त्या पाण्याला परत जायला वाट लागते. वाळूच्या बांधात जिथे फट असते तिथून ते सगळं पाणी एका अरुंद पट्ट्यातून मागे धावतं. गंमत अशी की वरून बघताना तोच पट्टा सगळ्यात शांत दिसतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधे गडद, गुळगुळीत पाणी, वर फेस आणि वाळू आतल्या दिशेनं सरकताना. नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण तिथे लाटा नाहीत. पाण्यात शिरण्याआधी जरा उंचावर उभी राहून पाच-दहा मिनिटं नुसतं बघ. जोरात असला की हा प्रवाह सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो. ऑलिम्पिकमधला पोहणारासुद्धा त्याच्या उलट जाऊ शकत नाही, तेव्हा तू प्रयत्न करायचा नाहीस.

सापडलीसच तर एवढं डोक्यात ठेव: तो खाली ओढत नाही, आत नेतो, आणि लाटा फुटतात त्याच्या थोडं पलीकडे जाऊन त्याचा जोर संपतो. माणसं बुडतात ती किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांतानं हात मारून दमतात म्हणून. पाठीवर तरंगत राहा, हात वर करून हाक मार, दम आल्यावर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्यातून बाहेर पड आणि मग लाटांबरोबर तिरकी परत ये. दुसरी कोणी सापडली तर तिच्यामागे रिकाम्या हातानं उडी मारायची नाही. वाचवायला गेलेलेच बुडतात, हे फार होतं. बर्फाच्या पेटीचं झाकण, चेंडू, रिकामा कॅन, तरंगणारं काहीही तिच्याकडे फेक आणि लाइफगार्डला बोलाव.

लाल-पिवळा झेंडा दिसला तर घाबरू नकोस, त्या दोन झेंड्यांच्या मधेच लाइफगार्डचं लक्ष असतं, तिथेच पोहायचं. नुसता लाल म्हणजे पाणी धोक्याचं, दोन लाल म्हणजे बंद, जांभळा म्हणजे पाण्यात दंश करणारे जीव आहेत. झेंडाच नाही, लाइफगार्डही नाही, असा सुंदर निर्जन किनारा मिळाला तर गुडघ्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही. हा माझा नियम आहे, पुस्तकातला नाही.

दंशांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे आणि थायलंडच्या काही बेटांवर बॉक्स जेलीफिश असतात, म्हणून तिकडच्या किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील. दंश झाला तर जागेवर निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं. घासायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, आणि लघवीचा तो प्रसिद्ध उपाय तर मुळीच नाही. श्वास जड झाला तर ताबडतोब मदत बोलाव, आणि माणूस पडून श्वास थांबला तर छाती दाबायला सुरुवात. पाकट मासा वाळूत दडून बसतो, म्हणून उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चाल, चाहूल लागली की तो निघून जातो. त्याचा किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या स्टोनफिशचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, भाजणार नाही एवढं बघून, आणि डॉक्टरकडे. नक्षीदार शंकूसारखा शंख कितीही आवडला तरी उचलायचा नाही. आतला गोगलगायीचा भाऊबंद जिवंत असला तर विषारी सुई मारतो आणि त्यावर उतारा नाही. पायात रबरी बूट घाल. प्रवाळानं खरचटलेलं दिसायला किरकोळ दिसतं, पण आत कण राहतात आणि दमट हवेत चिघळतं; स्वच्छ पाण्यानं चोळून धू आणि जखम सुकेपर्यंत समुद्र नाही.

स्नॉर्केल करताना पाठ उन्हाकडे असते आणि पाणी गार लागतं, त्यामुळे भाजतंय ते कळत नाही. विषुववृत्ताजवळ स्वच्छ दुपारी अतिनील निर्देशांक (उन्हाचा दाहकपणा सांगणारा आकडा) सहज 11 च्या वर, म्हणजे अतिशय धोक्याच्या पातळीवर जातो. सनस्क्रीनवर विसंबण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घाल. सनस्क्रीनही बघून घ्या, पलाऊ या बेटांच्या देशानं 2020 पासून प्रवाळाला घातक रसायनं असलेल्यांवर बंदी घातलीय, हवाईत 2021 पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली विकता येत नाहीत. डायव्हिंग केलंत तर त्यानंतर निदान 18 तास, शक्यतो 24, विमानात बसायचं नाही. शेवटचा दिवस कोरडा ठेवा.

खाण्यात एकच अनोळखी धोका आहे. प्रवाळाजवळचे मोठे शिकारी मासे, बॅराकुडासारखे, यांच्या अंगात सिग्वाटॉक्सिन नावाचं विष साठतं. ते शिजवून जात नाही, चवीला कळत नाही. मोठा मासा टाळ, छोटा खा. जेवल्यावर तोंडाभोवती मुंग्या आल्या आणि गार वस्तू चटका दिल्यासारखी लागली तर तेच समज. इंडोनेशियाच्या बेटांवर गावठी किंवा मिसळलेल्या दारूतल्या मिथेनॉलनं पर्यटक मेलेले आहेत, तेव्हा बंद बाटली समोर उघडलेली नसेल तर नको. प्यायचीच नाही असं म्हणणार होते, पण तू ऐकणार नाहीस. माकड किंवा कुत्रं चावलं, नुसतं ओरखडलं तरी, 15 मिनिटं साबणानं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी निघायचं. बालीत 2008 पासून रेबीज आहे. नारळाखाली चटई टाकून झोपू नकोस, हे सांगायला नको.

भूकंप जाणवला, आणि तो 20 सेकंदांहून जास्त टिकला किंवा उभं राहता आलं नाही, तर भोंग्याची वाट न बघता उंचावर. समुद्र अचानक मागे हटला तर बघायला पुढे जायचं नाही. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळचं सिमेउलुए बेट भूकंपाच्या केंद्राला अगदी जवळ होतं. 70 हजारांहून जास्त वस्ती, आणि गेली ती सात माणसं. 1907 मध्ये तिथे मोठी लाट आली होती आणि त्यानंतर आज्या नातवंडांना सांगत आल्या की जमीन हलली आणि पाणी ओसरलं की टेकडीवर पळ. लोक पळाले. एवढंच केलं त्यांनी. लाटा एकामागून एक तासन्‌तास येतात आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही, म्हणून खाली उतरायची घाई नको. पोहोचल्या दिवशी खोलीतून टेकडीपर्यंतची, नाहीतर पक्क्या उंच इमारतीपर्यंतची वाट एकदा चालून बघा.

आता कामं. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालू असला पाहिजे, तारीख आजच बघ. तिथे एटीएम बंद असलं तरी निभेल एवढी रोख ठेव, दोन ठिकाणी वाटून. पासपोर्टची आणि विम्याची प्रत मला पाठव, विम्याचा 24 तासांचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेव, कारण फोन भिजतो. रोजचा बेत पाठवायची गरज नाही, फक्त कुठल्या बेटावर कुठे उतरलीस आणि बोट कधीची, एवढं.

आणि स्कूटरचं काय ठरलं ते खरं सांग.

तुझी,
आई